पेटीतला माणूस



गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बुद्धिबळाचा एक डाव हरलो. हरण्यात नवीन काही नाही. मी तीस-पस्तीस वर्षं कविता लिहितो आहे आणि त्याहून जास्त वर्षं बुद्धिबळ खेळतो आहे, आणि दोन्हींत माझी प्रगती साधारण सारखीच आहे. पण हा डाव हरल्यावर मी जे केलं, ते आधी कधी केलं नव्हतं. म्हणून आज त्याबद्दल बोलायचं आहे.

पाहुणे येऊन गेले होते. घरातली मंडळी आडवी झाली होती. मी ओसरीवर बसून मोबाइलवर डाव लावला. प्रत्येकाला दहा मिनिटं. समोर कोण आहे हे कळत नाही. एक टोपणनाव दिसतं, एका देशाचा झेंडा दिसतो आणि मानांकनाचा आकडा दिसतो. त्याचा आकडा माझ्याइतकाच, तेराशेच्या आसपास. म्हणजे दोघंही चहाच्या टपरीवर बसून खेळावं, या लायकीचे.

दहा-बारा चाली बऱ्या गेल्या. मग त्यानं आपला हत्ती कोपऱ्यातून उचलून एक घर बाजूला ठेवला. कशाला, ते मला कळेना. तिथे काहीच घडत नव्हतं. मी मनात म्हटलं, याला चाल सुचत नाही, म्हणून वेळ काढतोय. आणखी नऊ चाली झाल्या. मधली प्यादी मारली गेली, नेमकी तीच उभी पट्टी मोकळी झाली, आणि तो हत्ती सरळ माझ्या राजाच्या दारात येऊन उभा राहिला. एकतिसाव्या चालीला मी डाव सोडला.

तोवर ठीक होतं. पण नंतर मी डाव पुन्हा पाहिला आणि त्यानं कोणत्या चालीला किती वेळ घेतला, ते वाचत गेलो. सहा सेकंद, सात सेकंद, सहा, सात, सात. माझा घोडा त्याला फुकट मारायला मिळाला, तिथेही सात सेकंद. आणि तो हत्तीचा डाव रचला, तिथेही सातच. माणूस असा खेळत नाही. माणूस फुकटचा घोडा झटकन उचलतो आणि अवघड जागी डोकं खाजवत बसतो. कुणीतरी शेजारी संगणक ठेवून, माझी चाल त्यात घालून, त्याचं उत्तर इकडे आणून ठेवत असेल, तर मात्र प्रत्येक चालीला सारखाच वेळ लागेल.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तक्रारीचं बटण असतं. ‘या खेळाडूनं गैरमार्ग वापरला असा तुम्हाला संशय आहे का?’ मी ते बटण दाबलं.

बटण दाबायला एक सेकंदही लागला नाही. त्यानंतर मात्र बरेच दिवस मी बुद्धिबळातल्या फसवणुकीचा आणि संशयाचा इतिहास चाळत बसलो. तो इतिहास मोठा गमतीदार आहे, आणि काही ठिकाणी गमतीदार अजिबात नाही.

सुरुवात करायची ती व्हिएन्नापासून. १७६९ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारात एका फ्रेंच जादूगारानं खेळ दाखवले. तिथे वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाचा एक अधिकारी हजर होता. तो म्हणाला, याहून मोठं आश्चर्य मी करून दाखवतो. दुसऱ्या वर्षी, १७७० मध्ये, तो एक यंत्र घेऊन दरबारात आला. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद अशी लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि पेटीमागे बसलेला माणसाच्या आकाराचा एक पुतळा. पुतळ्याला दाढी, अंगात झगा, डोक्याला मुंडासं, हातात लांब नळीची चिलीम. हा बुद्धिबळ खेळणारा ‘तुर्क’.

खेळ सुरू होण्याआधी केम्पेलेन पेटीची दारं एकेक करून उघडायचा आणि आत मेणबत्ती धरून लोकांना दाखवायचा. आत चक्रं, दट्टे, तरफा. माणूस कुठेच नाही. मग दारं लावायची, किल्ली फिरवायची. खरखर आवाज यायचा, आणि तो पुतळा डावा हात उचलून सोंगटी सरकवायचा. आणि जिंकायचा! समोरच्यानं नियमाबाहेरची चाल केली, तर मान हलवून सोंगटी परत जागेवर ठेवायचा.

आत माणूस होता, हे आता आपल्याला ठाऊक आहे. तो सरकत्या बैठकीवर बसायचा आणि एक दार उघडलं की दुसरीकडे सरकायचा. सोंगट्यांच्या बुडाशी लोहचुंबक होते. वर सोंगटी हलली की पटाखाली कळायचं. अंधारात त्याच्याजवळ एक छोटा पट आणि एक मेणबत्ती असे. मेणबत्तीचा धूर जाणार कुठे? तो पुतळ्याच्या मुंडाशातून बाहेर काढलेला होता, आणि त्याचा वास कुणाला येऊ नये म्हणून पेटीवरच आणखी मेणबत्त्या लावून ठेवत. मुंडाशाचा धुराडं म्हणून केलेला एवढा चांगला उपयोग माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

या पेटीसमोर मोठमोठी माणसं बसली. पॅरिसमध्ये त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू फिलिदोर बसला. तो जिंकला. बेंजामिन फ्रँकलिन बसला. १८०९ मध्ये नेपोलियननं व्हिएन्ना घेतलं, तेव्हा शॉनब्रुनच्या राजवाड्यात तो स्वतः या तुर्काशी खेळला. तोवर केम्पेलेन वारला होता आणि पेटी मेल्त्सेल नावाच्या यंत्रकाराकडे आली होती. सांगतात, की नेपोलियननं मुद्दाम खोटी चाल केली. तुर्कानं सोंगटी परत ठेवली. त्यानं पुन्हा तेच केलं. तुर्कानं ती सोंगटी पटावरूनच काढून टाकली. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा तुर्कानं हात फिरवून सगळा पट उधळून दिला. नेपोलियन खूष झाला म्हणे. एका लाकडी पेटीत आळगायर नावाचा ऑस्ट्रियन खेळाडू पाय दुमडून बसला आहे, आणि तो अर्ध्या युरोपच्या मालकाला दटावतो आहे! मला हा प्रसंग फार आवडतो. फसवणूक कोण करतं होतं? पेटीतला माणूस, की पेटीबाहेरचा सम्राट? तर दोघंही. पण नियम पाळले जावेत, असा आग्रह पेटीतल्या लबाडाचा होता.

पुढे लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज या पेटीसमोर बसला आणि दोनदा हरला. संगणकाची मूळ कल्पना ज्याच्या नावानं सांगितली जाते, तोच हा बॅबेज. १८२६ मध्ये मेल्त्सेल पेटी घेऊन अमेरिकेत गेला. तिथे १८३६ मध्ये एडगर अॅलन पो यानं एक लेख लिहून आत माणूस आहे असं सांगितलं. त्याची कारणं मोठी मजेशीर आहेत. एक कारण असं, की हे खरं यंत्र असतं, तर ते नेहमीच जिंकलं असतं. हे कधीकधी हरतं, म्हणजे आत माणूस आहे. हा तर्क काही बरोबर नव्हता, पण निष्कर्ष बरोबर निघाला. दुसरं निरीक्षण मात्र पक्कं होतं. मेल्त्सेलबरोबर श्लुम्बर्जर नावाचा एक मदतनीस फिरत असे. तुर्क खेळत असताना हा इसम कधीच दिसत नसे, आणि तो आजारी पडला की खेळ बंद.

१८५४ मध्ये फिलाडेल्फियात आग लागली आणि तुर्क तिच्यात जळून गेला. चौऱ्याऐंशी वर्षं त्यानं लोकांना फसवलं.

केम्पेलेननं तो पुतळा तुर्कच का केला, हा प्रश्न मला पडतो. व्हिएन्नाला तुर्कांनी १६८३ मध्ये वेढा घातला होता. ती धास्ती उतरून आता कुतूहल उरलं होतं. गूढ, थोडं भीतिदायक, थोडं कपटी, पण बघायला आवडेल असं काहीतरी पाहिजे होतं, तर दाढी आणि मुंडासं कामी आलं. आत मात्र आपलाच ऑस्ट्रियन माणूस! भाड्याचं घर शोधताना फोनवर मराठी बोलणारा मी घरमालकांना फार आवडायचो, आणि नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. तेव्हा दाढीकडे बघून आत काय असेल याचे अंदाज कसे बांधतात, याचा मला थोडा अनुभव आहे. असो. तो आजचा विषय नाही.

विषय असा, की त्या काळी यंत्रात माणूस लपला आहे का, अशी शंका होती. आज माणसात यंत्र लपलं आहे का, अशी शंका आहे. आणि हा पालट आपल्या डोळ्यांदेखत झाला.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव ‘डीप ब्लू’ या संगणकाशी सहा डाव खेळला. पहिला डाव कास्पारोवनं जिंकला. दुसऱ्या डावात यंत्रानं एक फुकटचा लाभ सोडून देऊन अशी एक शांत चाल केली, की कास्पारोव हादरला. यंत्रं लोभी असतात, अशी चाल यंत्राला सुचणार नाही, आत कुणीतरी माणूस आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं यंत्राच्या विचारांची नोंद मागितली. ती तेव्हा त्याला मिळाली नाही. नंतर ती प्रसिद्ध झाली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या दुसऱ्या डावात त्यानं हार मानली, त्या ठिकाणी बरोबरीची शक्यता होती, असं विश्लेषकांनी दाखवलं. समोरच्यानं सगळं बघून ठेवलं असणार, अशी धास्ती मनात बसली, की माणूस स्वतः बघायचं सोडून देतो. सामना तो अडीच विरुद्ध साडेतीन असा हरला. पो यांचा तर्क उलट्या बाजूनं परत आला, असं म्हणायचं.

त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, फिलाडेल्फियातच एका खुल्या स्पर्धेत लांब केसांचा, कानाला हेडफोन लावलेला एक इसम उतरला. नाव लिहिलं, जॉन फॉन नॉयमन. हे नाव संगणकशास्त्राच्या एका थोर जनकाचं आहे, आणि ते जनक तर १९५७ मध्येच वारले. खिशात काहीतरी गुणगुणत होतं. एका ग्रँडमास्टरशी या पठ्ठ्यानं बरोबरी केली. बक्षीस मागायला गेला, तेव्हा आयोजकांनी त्याला एक सोपं कोडं सोडवायला दिलं. तो न सोडवताच निघून गेला. तुर्क जळाला त्याच शहरात हे घडावं, हा योगायोग मी कवितेत घातला असता, तर संपादकांनी काटला असता.

पुढे मोबाइल आले. २००३ मध्ये युरोपच्या सांघिक स्पर्धेत रुस्लान पोनोमारियोवच्या खिशातला फोन डाव चालू असताना वाजला आणि नियमानुसार त्याला डाव गमवावा लागला. विशेष म्हणजे त्या दिवशी त्याचा विसावा वाढदिवस होता. तो फसवत नव्हता, फोन फक्त वाजला. पण तिथून पुढे स्पर्धेच्या दारात झडती आली. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीतल्या एका स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ यंत्र सापडलं. बाहेरून साथीदार संगणकाच्या चाली सांगत होते. अखिल भारतीय महासंघानं त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. २०१५ मध्ये दुबईत एका जॉर्जियन ग्रँडमास्टरचा फोन शौचालयात, भांड्याच्या मागे, कागदात गुंडाळलेला सापडला. त्याच्या वारंवार उठण्याची तक्रार ज्या प्रतिस्पर्ध्यानं केली होती, त्याच्यावर पाच वर्षांनी एका ऑनलाइन स्पर्धेनंतर संकेतस्थळानं फसवणुकीचाच ठपका ठेवला. त्यानं तो नाकारला. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गला इगोर्स राउसिस हा लाटवियन ग्रँडमास्टर असाच सापडला. वय अठ्ठावन्न. त्या वयात त्याचं मानांकन वर वर चाललं होतं आणि लोक कौतुक करत होते. माझ्याच वयोगटातला माणूस. त्याची बातमी वाचताना राग यायच्या ऐवजी मला दुसरंच काहीतरी वाटलं. या वयात आपलं काहीतरी अजून वर चाललंय, असं वाटण्याची भूक मला कळते.

हे झाले पकडले गेलेले. पण २००६ मध्येच दिल्लीच्या आधी दोन-तीन महिने रशियात एलिस्ता इथे जे घडलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विश्वविजेतेपदाचा सामना होता. रशियाचा व्लादिमिर क्रामनिक आणि बल्गेरियाचा वेसेलिन टोपालोव. चार डावांनंतर क्रामनिक तीन-एकनं पुढे होता. तेव्हा टोपालोवच्या व्यवस्थापकानं तक्रार केली, की क्रामनिक फारच वेळा शौचालयात जातो, आणि तेवढ्याच एका जागी कॅमेरा नाही. उघड आरोप नाही, फक्त आकडे. अपील समितीनं दोघांची स्वतंत्र शौचालयं बंद केली. क्रामनिक पाचव्या डावाला पटावर बसला नाही. आपल्या बंद दारापाशी बसून राहिला. तो डाव त्याच्याविरुद्ध गेला. सामना पुढे सहा-सहा असा बरोबरीत आला, आणि जलद डावांत क्रामनिकनं विजेतेपद घेतलं. त्याच्याविरुद्ध पुरावा काहीही निघाला नाही. एका विश्वविजेत्याला तो किती वेळा लघवीला जातो, याचा हिशेब जगापुढे द्यावा लागला.

इथे मला आमच्या मिरजेच्या घरातला एक डाव आठवतो.

आमचे अब्बा रेल्वेत होते. पाळी नसली, की शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर शाळेतले एक मास्तर त्यांच्याशी खेळायला यायचे. शेजारच्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि कैक पिढ्या घडवल्या. पण अब्बा आणि मास्तर खेळायचे तो जुना देशी डाव. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, आणि राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याची उडी मारता येणार. अट एवढीच, की तोवर त्याला शह बसलेला नसावा.

१९७८ च्या सुमाराची गोष्ट. डाव अटीतटीला आला आणि अब्बांनी राजाची उडी मारली. मास्तर म्हणाले, “भाई, मघाशी मी उंटानं शह दिला होता. तुम्ही प्यादं आड घातलंत.” अब्बा म्हणाले, “नाही मास्तर, शह नव्हता.” “होता.” “नव्हता.” कागदावर तर काही लिहिलेलं नव्हतं. मी नऊ वर्षांचा, शेजारी बसलो होतो. मास्तर माझ्याकडे वळले. “तू बघत होतास ना रे? तू सांग.” मी बघत नव्हतो. रस्त्यावर कुणाची तरी नवी सायकल आली होती, मी ती बघत होतो. मी म्हणालो, “अब्बांचं बरोबर आहे.” मास्तर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग चप्पल घालून गेले. पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अब्बा रस्त्यात भेटले तर सलाम करायचे, मास्तर नमस्कार करायचे, पण पट पुन्हा मांडला गेला नाही. सोंगट्या मास्तरांच्या होत्या. त्या आमच्याकडेच राहिल्या. आजही आहेत. एक काळं प्यादं तेवढं हरवलं आहे.

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९२४ च्या गोष्टीत लखनौचे दोन रईस राज्य बुडत असताना खेळत बसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. सत्यजित राय यांच्या चित्रपटामुळे अधिकच. पण मूळ गोष्टीत ते दोघं कशावरून तलवारी उपसतात आणि मरतात? वाजिद अली शाहसाठी नाही. चाल बदलण्यावरून, सोंगटी कुठे ठेवली होती यावरून झालेल्या वादापायी. मला ती गोष्ट बारावीत कळली नव्हती, कारण परीक्षेला राज्य बुडण्याबद्दल विचारत. आता कळते.

करोनाच्या दिवसांत सगळं बुद्धिबळ पडद्यावर गेलं, आणि ज्याच्या त्याच्या घरात दुसरा पडदा होताच. १३ जून २०२१ रोजी करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन खेळला. आमिर खान त्यात होता, क्रिकेटपटू युजवेंद्र चहल होता. सगळे हरले. एक उद्योजक मात्र जिंकला. पाच वेळा विश्वविजेता झालेला आनंद हरला! दुसऱ्या दिवशी त्या उद्योजकानं, निखिल कामतनं, कबूल केलं, की डाव बघणाऱ्या जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती. मौज म्हणून घेतली, गैरसमज होईल हे लक्षात आलं नाही, असा त्याचा सूर होता. आनंदनं एवढंच म्हटलं, की मी समोरची स्थिती बघून खेळलो आणि सगळ्यांकडून तीच अपेक्षा होती. माणूस किती मोठा आहे, हे तो हरल्यावर किती कमी बोलतो, त्यावरून ओळखावं.

हे सगळ्यांनाच जमत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईसला जगज्जेता मॅग्नस कार्लसन एकोणीस वर्षांच्या हान्स नीमनकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. नीमननं कबूल केलं, की लहानपणी, बाराव्या आणि सोळाव्या वर्षी, ऑनलाइन डावांत आपण फसवणूक केली होती. प्रत्यक्ष पटावर कधीच नाही. पटावरच्या फसवणुकीचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. दहा कोटी डॉलरचा दावा झाला, २०२३ मध्ये तो फेटाळला गेला, मग समझोता झाला, आणि सबळ कारणाविना स्पर्धा सोडल्याबद्दल जागतिक संघटनेनं, म्हणजे ‘फिडे’नं, कार्लसनला दहा हजार युरो दंड केला.

आणि क्रामनिक? ज्याच्या शौचालयाचं दार बंद केलं होतं, तोच क्रामनिक २०२३ पासून पुढे ऑनलाइन खेळणाऱ्यांचे आकडे मांडून एकामागून एकावर संशय घेऊ लागला. त्यात डॅनियल नरोडित्स्की हा अमेरिकन ग्रँडमास्टर होता. उत्तम खेळाडू, त्याहून उत्तम शिक्षक. लाखो लोक त्याच्या तोंडून बुद्धिबळ शिकले. नवशिक्यांच्या चुका समजावून सांगताना त्याचा आवाज कधी चढत नसे, म्हणून मीही त्याला ऐकायचो. फसवणुकीचा पुरावा त्याच्याविरुद्ध कधीच आला नाही. या आरोपांचा आपल्याला किती त्रास झाला, हे त्यानं जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो वारला. वय एकोणतीस. मृत्यूचा आणि आरोपांचा संबंध जोडण्याचा अधिकार मला नाही. पण त्यानंतर ‘फिडे’नं क्रामनिकच्या वक्तव्यांचं प्रकरण आपल्या शिस्तपालन आयोगापुढे नेलं, एवढं घडलं. एलिस्ताच्या त्या बंद दारापाशी बसलेला माणूस हे कसं विसरला असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. की विसरला नाही, म्हणूनच?

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? अमेरिकेत बफेलो विद्यापीठात केनेथ रीगन नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी यासाठी गणिती पद्धत बसवली आहे. अमुक मानांकनाच्या माणसाच्या चाली संगणकाच्या पसंतीशी साधारण किती जुळाव्यात, हे हजारो डावांवरून काढायचं, आणि एखाद्याच्या चाली त्याहून किती जास्त जुळतात ते बघायचं. पण या हिशेबात एका डावाला फारशी किंमत नाही. एखाद्या दिवशी कुणीही चांगलं खेळतं. टपरीवरच्या खेळाडूलाही वर्षातून एकदा असा डाव सापडतो, की सगळ्या सोंगट्या आपणहून योग्य घरात जाऊन बसतात. कवीला नाही का एखादी ओळ अशी सापडत? त्या ओळीवरून कुणी चोरीचा आळ घेतला, तर तो काय पुरावा देणार?

माझ्याजवळ एकच डाव होता. आणि सहा-सात सेकंदांची ती यादी. त्याचं इंटरनेट मंद असेल, तरी वेळ तसाच दिसेल, असं भाच्यानं मला नंतर सांगितलं.

भाच्याचाच विषय निघाला, तर एक कबूल करायला हवं. आदल्या महिन्यात, उपवास सोडून झाल्यावर, मी असाच मोबाइलवर खेळत होतो. भाचा मागे उभा होता. तो महाविद्यालयाच्या संघातून खेळतो. मी उंट उचलणार, एवढ्यात तो म्हणाला, “मामू, उंट नको. घोडा.” मी घोडा खेळलो. चार चालींत समोरच्याचा वजीर गेला, मी जिंकलो आणि आठ गुण मिळवले. आम्ही दोघं हसलो आणि उरलेली भजी संपवली. पलीकडे कुणीतरी, कुठल्यातरी देशात, तो डाव पुन्हा पुन्हा बघत बसला असेल आणि त्याला कळत नसेल, की इतका वेळ चुकत-माकत खेळणाऱ्या या माणसाला ही एक चाल कुठून सुचली. नियमाप्रमाणे पाहिलं, तर कामतनं आनंदविरुद्ध केलं आणि मी त्या अनोळखी माणसाविरुद्ध केलं, त्यात फरक एवढाच, की माझ्याकडे प्रेक्षक नव्हते. माझ्या पेटीत भाचा होता.

तक्रारीचं उत्तर तीन दिवसांनी आलं. आभार मानले होते, दखल घेतली असं लिहिलं होतं, आणि पुढे काय केलं ते गोपनीयतेमुळे सांगता येणार नाही, असंही होतं. त्या खेळाडूचं खातं अजून चालू आहे. मी अधूनमधून बघतो.

दोन आठवड्यांपूर्वी त्याच टोपणनावानं मला पुन्हा डावाला बोलावलं. या वेळी संथ डाव, एका चालीला एक दिवस. मी तक्रार केली होती, हे त्याला ठाऊक असणं शक्य नाही. नाही म्हणावं असं आधी वाटलं, मग मी हो म्हटलं. रोज सकाळी चहाबरोबर एक चाल येते, रात्री झोपण्याआधी मी एक पाठवतो. परवा अकरावी चाल आली. त्यानं आपला घोडा अशा घरात आणून ठेवला होता, की माझं प्यादं त्याला फुकट मारू शकत होतं. साधी, ढोबळ चूक, टपरीवरची.

पूर्वी मी ती झटकन मारली असती. परवा दिवसभर मी विचार करत होतो. हा सापळा आहे का? की माझ्यासारख्यानं संशय घेऊ नये म्हणून मुद्दाम केलेली चूक? की सकाळच्या गडबडीत, डबा भरता भरता, एका साध्या माणसाचं बोट चुकलं? मास्तरांच्या सोंगट्या काढून मी ती स्थिती पटावर मांडली. हरवलेल्या काळ्या प्याद्याच्या जागी बटण ठेवलं. कुठून बघितलं तरी सापळा दिसेना.

रात्री साडेदहाला मी घोडा मारला. त्याची चाल अजून आलेली नाही.